विळीपासून लांब

सारसोळ्याच्या मासळी बाजारात शांतीची जागा कोपऱ्यातली, नळाजवळची. सासूच्या मागे ती जागा शांतीकडे आली, आणि आपल्या मागे ती पोरीकडे जाऊ नये, एवढंच तिने देवाकडे मागितलं होतं. पोर एकच, रुतिका. तिला शांतीने विळीला कधी हात लावू दिला नाही. घरात कोळंबी सोलायची असली तरी म्हणायची, "तू जा गो, अभ्यास कर. येकदा हा वास बोटांत शिरला का निंगत नाय."

रुतिका बारावी झाली, कॉलेजात गेली, आणि घरी आली की मोबाईल घेऊन पडून राहू लागली. त्याच सुमारास शांतीचं नेहमीचं गिऱ्हाईक, जयमालाताई, पापलेट निवडता निवडता म्हणाल्या, "आमची प्रियदर्शिनी कॉलेज सुटलं की कॉफीच्या दुकानात कामाला जाते. चार माणसांशी बोलायला शिकली. तुझ्या रुतिकालाही पाठव की."

शांतीच्या डोळ्यांपुढे ते दुकानच उभं राहिलं. गार हवा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. तिने रुतिकाच्या मागे धोशा लावला. "नुसत्या पुस्तकांनी काय व्हनार हाय? काम धर. जगात कसं वागायचं ते समजंल."

कुरकुरत का होईना, रुतिका गेली. पाम बीच रस्त्याजवळच्या, किराण्यापासून मासळीपर्यंत सगळं मिळणाऱ्या एका मोठ्या दुकानात तिला संध्याकाळचं काम मिळालं. शांतीने आळीत पेढे वाटले. "पोरगी मशीनवर बसून बिलं काढनार," असं आपल्याच मनाने सांगूनही टाकलं.

पहिल्या दिवशी कामावरून रुतिका परत आली ती थेट मोरीत गेली. अंगठ्याला पट्टी होती. शांतीला काही विचारावं लागलं नाही. तो वास तिने झोपेतही ओळखला असता.

"मासळीच्या काउंटरला टाकलं मला," रुतिका म्हणाली. "मॅनेजरने गाव विचारलं. सारसोळे म्हटल्यावर म्हणाला, कोळ्यांची ना, मग शिकवायला नको."

"उद्यापास्नं नको जाऊस."

"तूच तर पाठवलंस." रुतिकाने मान वर केली नाही. "सगळे हसले गं आई. सुरमई समोर ठेवली आणि सुरी कुठून घालायची तेच मला कळेना. कसली कोळीण, म्हणाले. मला शिकव."

शांती उंबऱ्यावर जाऊन बसली. आता नाही म्हटलं, तर पोर ते हसणं कानात घेऊनच घरी बसणार, आणि पुन्हा कुठल्याच कामाला जाणार नाही. शेवटी ती उठली. विळी मांडली, विकायचे राहिलेले दोन बांगडे आणले, लेकीला पुढ्यात बसवलं आणि मागून तिचे हात आपल्या हातांत धरले.

"कल्ल्याच्या खालून. जोर नको लावू. काटाच वाट दाखवतो."

पहिला बांगडा फाटला. दुसऱ्याला शांतीने हात कधी सोडले, तिचं तिलाच कळलं नाही. रुतिकाचे हात एकटेच चालले होते. मान तशीच एका बाजूला कललेली, कोपर तसंच बाहेर काढलेलं, थेट तिच्या आजीसारखं, शांतीच्या सासूसारखं.

"जमतंय की," रुतिका हसली. "उगीच घाबरले मी. सोपं आहे."

"हां," शांती म्हणाली.

मग लिंबू कापून ती लेकीचं एकेक बोट चोळत बसली. रुतिका मोबाईलसाठी हात ओढत होती, आणि शांती सोडत नव्हती.