मुतारीचा अर्ज

बाजाराच्या दिवशी आमच्याकडच्या बायका पाणी पीत नसत. उपास नव्हे, नवस नव्हे. सकाळी आठला भाजीची पाटी उतरवायची, दिवेलागणीला मोकळी पाटी घेऊन निघायचं आणि मधल्या वेळात जायला जागा नाही. पुरुषांना काय, कुठलीही भिंत चालते. बायका नुसती चूळ भरत. आईशेजारी बसून मीही तेच शिकले. त्या बाजाराच्या गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्या भावाकडून वांगी घेतात.

आमचा भाजीचा लहानसा मळा होता. वांगी, पालक, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. आई किन्हीराजा गावची, तोंडानं फटकळ. वडील कमी बोलत, त्यांच्या वाटणीचंही तीच बोलायची.

एका बाजारात मानोऱ्याकडच्या तांड्यावरून सीताफळं विकायला आलेली पोटुशी बाई बसल्या जागीच ओली झाली. गिऱ्हाइकं हसली. त्या दिवशी घरी येताच आई मला म्हणाली, "कागद घे. मुतारी पायजे म्हनून अर्ज लिही."

मी तेव्हा नववीत. मी लिहिलं, 'महिला विक्रेत्यांसाठी प्रसाधनगृह'. तिनं ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"हे काय लिवलं वं? सरळ मुतारी लिही. त्यायले समजलं पायजे."

सरपंचांनी अर्ज वाचून विचारलं, "बाई, लाज नाही वाटत तुले?"

"लाज कायची, भाऊ? तुमची माय जात नव्हती काय?"

हे बाजारभर झालं. शाळेत पोरी मला मुतारीवाली म्हणू लागल्या. मी आईवर चिडले, आठ दिवस धड बोलले नाही. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि मला त्याचाही राग आला.

मग दर वर्षी एक अर्ज. बाजारातल्या बायका आधी तिला हसल्या, मग अंगठे देऊ लागल्या. मी कॉलेजसाठी तालुक्याच्या गावी राहायला गेले. त्या वर्षी तिला कोणीतरी सांगितलं की तालुक्याचे साहेब बाजारांच्या कामांची यादी करताहेत. तिनं अंगठ्यांनी भरलेला अर्ज माझ्या हातात दिला. "तू तं तिथंच रायतं. नेऊन दे."

साहेबांच्या कचेरीतले बाबू माझ्या मैत्रिणीचे वडील. मी कचेरीच्या दारापर्यंत दोनदा गेले, दोनदा लाजून परतले. शेवटी अर्ज अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठेवून दिला. सुट्टीत घरी गेल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनले साहेब?" मी म्हणाले, "पाहतो म्हणाले." केवढी खूश झाली! पुढं वर्षभर ती पोस्टमनला थांबवून विचारत होती.

मुतारी झाली, पण बऱ्याच वर्षांनी. तोवर मी लग्न होऊन वाशीमला आले होते, शाळेत शिकवत होते. चार भिंती, वर टिन, पाण्याचा पत्ता नाही. पंचायतीनं आत ब्लिचिंग पावडरची पोती ठेवून कुलूप ठोकलं. आईनं भांडून किल्ली मिळवली, पोती बाहेर काढली. दर बाजाराला घरून पाण्याचा डबा न्यायची आणि स्वतःच्या हातानं ती खोली धुवायची.

वडील चिडवायचे, "जग बदलाले निंगाली काय?"

"जग जाऊ द्या चुलीत. मले बाजार पायजे."

मग तिच्या किडन्या गेल्या. वाशीमला माझ्याकडं राहून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. बाजाराच्या दिवशी पाणी न पिण्याची सवय मी डॉक्टरांना सांगितली. तेवढ्यानंच झालं असं म्हणता येणार नाही, म्हणाले. आता तर तिला पाणी मोजूनच मिळायचं, दिवसाला काही पेले. तहान तहान करायची. मी पेला हातात धरून उभी राहायचे आणि तो पूर्ण देता यायचा नाही, याचं मला फार वाईट वाटे.

अशात रस्ता रुंद झाला आणि त्यात मुतारी पाडली. भावानं येऊन तिला सांगितलं. तेव्हा डायलिसिसचं मशीन चालू होतं. ती मला म्हणाली, "पुन्हा अर्ज लिवा लागते."

मला तिची दया आली. तिला समजवायला गेले आणि तोंडातून निघून गेलं, "सोड ना आई आता. एका माणसानं काय होतं? कॉलेजातला तो एक अर्ज तर मी दिलाच नव्हता. तरी झाली ना मुतारी?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "कोन्त्या साली?"

मी सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं डोळे मिटले आणि हळूहळू आठवू लागली, त्या साली कोण कुठं बसत होतं.

"त्या साली कांदेवाली बसे. तिले मुतखडा होता. तसाच घेऊन बसे. एक साल आदी मुतारी भेटली असती तिले."

एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडं केलं. महिन्याभरात ती गेली.

तिची तेरवी झाल्यावर मी नवा अर्ज लिहिला, स्वतः नेऊन दिला. अजून उत्तर नाही.

एकट्या माणसानं जग बदलत नाही, असं लोक म्हणतात. मला ते वाक्य आवडतं, कारण ते खरं असेल तर माझ्या त्या एका अर्जानंही काही बिघडलं नाही. पण मग माझी आई जन्मभर उगाच भांडली असं होतं, आणि ते मला म्हणवत नाही. तिच्यामुळं काही झालं असं मानायचं, तर कांदेवालीचं एक वर्ष माझ्यामुळं दुखण्यात गेलं, हेही मानावं लागतं. मी ते मानते. ती कांदेवाली कोणत्या गावची, अजून आहे की नाही, हे आईला विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही.