सरांचं पाणी

मंगळवारी दुपारी माझे पती विद्यापीठातल्या त्यांच्या केंद्रात, टाकीशेजारच्या खुर्चीवर वारले.

केंद्र समुद्राच्या रक्षणाचं आणि मत्स्यशेतीचं. समुद्र घाटाखाली, केंद्र पुण्यात, ही त्यांची जन्मभराची तक्रार. तिथे नळाच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र तयार करत. त्यात एक जिताडा पाळला होता. यांनी टाकीच्या काचेवर टिचकी मारली की तो मासा वर येई.

आपली राख समुद्रात सोडावी, अशी त्यांची इच्छा होती. आणि तपासल्याशिवाय समुद्रात काहीही सोडायचं नाही, हा केंद्राला त्यांनीच घालून दिलेला नियम होता. दोन्ही गोष्टी त्यांनी मला एकाच जेवणात सांगितल्या होत्या. त्यात काही अडचण आहे असं तेव्हा दोघांनाही वाटलं नाही.

अस्थी घरी आल्या त्या संध्याकाळी त्यांची सहकारी आली. त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. झालेली. चहा संपवून म्हणाली, "मॅडम, सरांचा थोडा नमुना मिळेल?"

शनिवार पेठेतून माझी नणंद आली होती. ती म्हणाली, "न्या की. वाटी देऊ, का घरून डबा आणलाय?"

"डबा आहे," सहकारी म्हणाली. निर्जंतुक केलेला होता.

मी चिमूटभर राख दिली. नियम मोडून त्यांना समुद्रात सोडणं मला जमलं नसतं. घरी ठेवून घेणंही नाही.

राख टाकीत घालायची आणि मासा नीट खातो का ते पाहायचं, अशी चाचणी होती. पण जिताड्याने त्या मंगळवारपासूनच तोंडात काही घेतलं नव्हतं. सहकारी रडवेली झाली. "मॅडम, तो उपाशी आहे तो राखेमुळे की सर गेल्यामुळे, हे कसं ठरवायचं?"

"सुतकात आहे म्हणून लिहा," नणंद म्हणाली.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी जिताड्याने कोळंबी खाल्ली. नणंदेने मला म्हटलं, "बघा वहिनी, फिटलं." अहवालात राख निरुपद्रवी असल्याचं लिहिलं गेलं.

मग टाकीचं पाणी बदलायची वेळ आली. त्या दिवशी मी आणि नणंदही केंद्रात होतो. सहकारी नळावर हात ठेवून उभी राहिली. "मॅडम, यात सर आहेत. गटारात कसं सोडू?"

"मग तेही न्या समुद्रावर," नणंद म्हणाली.

"टाकीचं पाणी समुद्रात सोडता येत नाही. रोग पसरतात. सरांनीच बंदी घातलीय."

नणंद टाकीशेजारच्या त्या खुर्चीवर बसली आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

बाकीची राख नणंदेने आणि मी कोकणात जाऊन ओहोटीला सोडली. चिमूटभर ते पुण्यातच राहिले. केंद्रात तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात. मी अधूनमधून जाते, काचेवर टिचकी मारते. जिताडा वर येतो.