थोरलीला दाढी होती

गौरी आवाहनाच्या दिवशी आमच्या घरी गौरी सोडून बाकी सगळे वेळेवर आले.

आम्ही राहतो पुण्याला आणि माझं सासर विरारला, बोळिंजमध्ये. दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मी, नवरा महेश आणि आठ वर्षांची सई गाडीत सामान कोंबून निघतो, ते गौरी-गणपती पोचवूनच परततो. मूळ घर साताऱ्याकडचं. सासऱ्यांनी विरारला फ्लॅट घेतला तेव्हा गावाहून मोजकंच सामान आलं, आणि त्यात सगळ्यात जपून आले ते गौरींचे शाडूचे दोन मुखवटे. एक थोरली, एक धाकटी. आवाहनाचा मान सोडला तर त्यांना सासूबाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. (माझी मजल लग्नानंतर बारा वर्षांत साडीच्या निऱ्या धरण्यापर्यंत गेली होती.)

गेल्या वर्षी धाकटीच्या नाकावरचा रंग उडालेला दिसला आणि मी पुढे झाले. "आई, मी घेते रंगवून. वसईला होळी गावात फ्रान्सिस सर म्हणून आहेत. शाळेत चित्रकला शिकवायचे. मूर्ती फार सुंदर रंगवतात."

"ख्रिस्ती आहेत ना? गौर रंगवतील?"

"सगळ्यांच्याच रंगवतात."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग हात हलका असेल," म्हणाल्या आणि दिले मुखवटे. बारा वर्षांत पहिल्यांदा मला घरात काहीतरी पद मिळालं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी ते सरांकडे पोचवले आणि गणपतीच्या आदल्या दिवशी, पुण्याहून येता येताच आणायला गेले. सरांच्या ओट्यावर बिस्किटांचे दोन खोके शेजारी शेजारी ठेवले होते. अगदी सारखे. सर घरात चष्मा शोधत होते. महेशची गाडी अरुंद गल्लीत आडवी उभी होती आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी अलीकडचा खोका उचलला.

"मॅडम, एकदा उघडून बघून घ्या," सर आतून म्हणाले.

"कशाला सर? तुमच्यावर विश्वास आहे."

हे वाक्य मी फार सुंदर म्हटलं होतं. महेश अजूनही ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतो.

मुखवटे आवाहनाआधी उघडायचे नाहीत असा आमच्याकडे नियम, त्यामुळे खोका कपाटावर गेला. गणपती बसले, आरत्या झाल्या, मोदक झाले, आणि गौरींचा दिवस उजाडला. दुपारपर्यंत दोन्ही स्टँडना जरीच्या साड्या नेसवून झाल्या. दागिने झाले, बांगड्या झाल्या. त्या दोघी डोकं नसलेल्या अवस्थेत नटूनथटून उभ्या होत्या. लिफ्टपासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं उमटली. मजल्यावरच्या बायका जमल्या. पंचांगाप्रमाणे साडेपाचपर्यंतच मुहूर्त होता आणि सासरे घड्याळ घेऊन खुर्चीत बसून दर पाच मिनिटांनी वेळ जाहीर करत होते.

साताऱ्याहून आलेल्या आत्या, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, मुखवटा आणायचा मान त्यांचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी दोन वर्षं टाळलं आहे. लिफ्टपाशी खोका उघडला. आत्यांनी कागदात गुंडाळलेली पहिली वस्तू बाहेर काढली, सुपात ठेवली, भक्तिभावाने हळद लावली, कुंकू लावलं आणि विचारलं, "गौर आली, काय घेऊन आली?"



"वन्सं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जरा थांबा. हिला दाढी आहे."

आत्यांनी सूप डोळ्यांजवळ नेलं. सुपात मुकुट घातलेला, कपाळावर कुंकू ल्यालेला एक राजा होता. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी मदत म्हणून खोक्यात हात घातला. त्यांच्या हाताला गाढव लागलं. मग तीन मेंढरं निघाली. मग गुडघे टेकून बसलेला एक मेंढपाळ.

सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"चार वाजून पाच मिनिटं," सासरे आतून म्हणाले.

मी सरांना फोन लावला. "सर, आमच्या खोक्यात दाढीवाले निघाले."

सरांनी विचारलं, "किती?"

"एकच. शिवाय एक गाढव, एक मेंढपाळ आणि तीन मेंढरं."

"म्हणजे कॅथरीनबाईंचा नाताळचा गोठा, येशूजन्माचा देखावा, तुमच्याकडे आला. तुमच्या दोघी त्यांच्याकडे गेल्या असणार."

"पण त्यांनी उघडून नाही बघितलं?"

"मी म्हटलं होतं बघा म्हणून," सर म्हणाले. "त्या म्हणाल्या, विश्वास आहे."

सगळी मंडळी भराभर खोक्यात भरून आम्ही निघालो. सासऱ्यांची स्कूटर, पुढे महेश, मागे मांडीवर खोका घेऊन मी. दारात आत्यांनी अडवलं.

"कुठं निघालाय?"

"होळीला," महेश म्हणाला.

"गौरीच्या दिवशी होळी?" आत्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. होळी हे वसईजवळच्या एका गावाचं नाव आहे, एवढं समजावून सांगायला वेळ नव्हता.

निर्मळच्या रस्त्याला त्या दिवशी सगळीकडे गौरीच चालल्या होत्या. कुणाच्या सुपात, कुणाच्या रिक्षात, कुणाच्या डोक्यावर. बायका हसून माझ्याकडे बघत, मांडीवरच्या खोक्याला नमस्कार करत. मीही मान लववत होते. आत गाढव आहे हे मी कुणालाच सांगितलं नाही.

होळीच्या नाक्यावर सर स्वतःच्या स्कूटरवर तयारच होते. त्यांच्या मागून आम्ही केळीच्या वाडीतल्या एका कौलारू घराशी पोचलो. कॅथरीन आजी ओट्यावर बसून फुलं निवडत होत्या. लाल लुगडं, अंबाड्यात फूल, वय ऐंशीच्या घरात. त्यांची बोली मला निम्मीच कळत होती. उरलेलं सर सांगत होते. खोका माळ्यावर होता. महेश शिडी लावून चढला आणि शिंकत शिंकत खाली उतरला.

आजींनी कागद सोडवला. थोरली बाहेर आली, मग धाकटी. सरांनी खरंच सुंदर रंगवल्या होत्या. गालांवर किंचित लाली, आणि धाकटीचं नाक अगदी तिचंच. आजींनी दोघींच्या चेहऱ्यांवरची धूळ पदराने अलगद पुसली आणि काहीतरी विचारलं.

"विचारतायत, या कुठं निघाल्या?" सर म्हणाले.

"माहेरी," मी म्हणाले. "तीन दिवसांसाठी."

आजी तडक उठल्या आणि घराच्या मागे गेल्या. महेशने घड्याळ बघितलं. चार पन्नास. मला वाटलं, आजी रागावल्या. तेवढ्यात त्या परत आल्या. एका हातात केळ्यांची फणी आणि दुसऱ्या हातात सोनचाफ्याने भरलेली टोपली.

"म्हणतायत," सरांनी सांगितलं, "पोरी माहेरी चालल्या, तर रिकाम्या हाताने कशा जातील?"

घाईत नीट आभारही मानता आले नाहीत. उलट मी आमच्या खोक्यातला राजा त्यांच्यापुढे ठेवून त्याच्या कपाळावरच्या कुंकवाबद्दल माफी मागत बसले. रंग ताजा होता, कुंकू पुसून जात नव्हतं. आजींनी राजाला उजेडात धरून पाहिलं आणि एकच शब्द म्हणाल्या. तो मलाही कळला. "शोभतंय."

आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्ताची अकरा मिनिटं उरली होती. (हा आकडा सासऱ्यांचा.) सासूबाईंनी खोका लिफ्टपाशीच माझ्या हातातून घेतला, आधी स्वतः उघडून पाहिला, दोघींचे चेहरे निरखले आणि मगच आत्यांच्या सुपात ठेवले. आत्यांनी या वेळी बोट फिरवून आधी हनुवटी चाचपली.

"गौर आली, काय घेऊन आली?"

"वसईची केळी आणि सोनचाफा," सासूबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आणि हात हलका आहे हो सरांचा."

सरांचं कौतुक झालं, चाफ्याचं झालं, आजींचं तर दोन दिवस पुरलं. माझं नाव कुणी काढलं नाही. मी त्यालाच माफी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, आजींनी गोठा मोजला. एक मेंढरू कमी आहे."

घरभर शोधाशोध झाली. शेवटी ते गणपतीच्या आरासीत सापडलं. उंदराच्या शेजारी, कापसाच्या ढगावर, पुढ्यात अर्धा मोदक.

"ते एकटंच जमिनीवर पडलं होतं," सई म्हणाली. "म्हणून मी त्याला मित्राजवळ ठेवलं."

मी मेंढरू उचलायला हात पुढे केला, तोच सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. गौरी जेवायच्या दिवशी घरातून कुणाला उठवत नाहीत. जेवून जाईल."

ते जेवलं. सोळा भाज्या आणि पुरणपोळीचा नैवेद्य त्याच्यापुढेही फिरला. विसर्जन झाल्यावर सासूबाईंनी आजींसाठी पुरणपोळ्यांचा डबा भरला, मेंढरू मऊ फडक्यात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवलं आणि दोन्ही महेशच्या हाती दिलं.

"मीपण जाते ना," मी म्हणाले. "आजींचे आभार मानायचे राहिलेत."

"जा की," सासूबाई म्हणाल्या. मग महेशकडे वळून म्हणाल्या, "पिशवी मात्र तुझ्याच गळ्यात असू दे. हिनं मागितली तरी देऊ नकोस."