भुशातला वास

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन जातींचे रानउंदीर आहेत. दिसायला इतके सारखे, की पिंजऱ्यावरची खूण पाहिल्याशिवाय मलाही ओळखता येत नाहीत. ते मात्र एकमेकांना वासावरून ओळखतात.

परवा बरेच दिवस एकटी असलेल्या एका मादीच्या पिंजऱ्यात मी दोन कोपऱ्यांत मूठ-मूठ भुसा टाकला. एक परक्या जातीच्या उंदरांखालचा, दुसरा तिच्या जातीच्यांचा. परका भुसा हुंगून ती लगेच वळली. दुसऱ्यापाशी थबकली, मिशा थरथरल्या, आणि त्यात शिरून अंग मुडपून झोपली. तिथं कुणीच नव्हतं, नुसता वास होता.

“तेवढाही पुरतो बघा,” शेजारी उभ्या असलेल्या सहकारी सुलभाताई म्हणाल्या.

घरी मी एकटीच असते. संध्याकाळी परदेशातून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

“आई, तुझा वास कसा होता, तेच आठवत नाही गं आता.”

“वेडे, माझा कसला आलाय वास!” म्हणत मी हसले.

फोन ठेवल्यावर पदर नाकाशी धरून खोल श्वास घेतला. मला कसलाच वास आला नाही. तो यायला दुसरं कुणीतरी जवळ असावं लागतं.