थुंकून टाकलेली स्कॉच

सुगत हनवते माझा मित्र आहे आणि या माणसानं मला पार वैताग आणलाय. नांदेडच्या रेल्वे ऑफिसात वीस वर्षं आमची टेबलं शेजारी. इतक्या वर्षांत त्यानं दारूचा एक थेंब गिळलेला मी पाहिला नाही. आणि हाच माणूस मोबाइलवर स्कॉचची परीक्षणं करतो, अकरा हजार लोक ती मन लावून बघतात!

साहेब थुंकतात. ग्लासात बोटभर ओतायची, पाच मिनिटं नाक खुपसून बसायचं, एक घोट तोंडात इकडून तिकडे खेळवायचा आणि पितळी पिकदाणीत सोडायचा. दर रविवारी विहारात पाचवं शील घेतो, नशापाणी करणार नाही म्हणून. मग गिळायची कशी, हा त्याचा सवाल. अठरा वर्षं पिंपात मुरलेली दारू पिकदाणीत पडताना माझ्या जिवाचं काय होतं, हे याला कोण सांगणार? एकदा म्हणालो, "अरे, मला तरी दे." तर म्हणतो, "तू वास न घेताच ढोसतोस. तुला न्हाई."

नाक मात्र अजब. एका धुरकट स्कॉचबद्दल म्हणाला, "हुरडा भाजायच्या आगटीवर ओलं गोणपाट टाकलं की असा वास येतो." मी औशाचा, शेतकऱ्याच्या घरचा. हुंगून पाहिलं, अगदी तोच वास.

घोळ झाला त्याच्या आईवरून. नागुबाई बिलोलीला एकट्या राहतात. सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी लेकाकडं राहायला येत नाहीत. सुगतचा बाप दारूनंच गेला आणि लेकाच्या कपाटात बाटल्या. सुगतचं एकच टुमणं, "मायनं एकदा डोळ्यानं पाहावं. मी पीत न्हाई कळलं की ती राहील." अरे बाबा, आधी त्या बाटल्या हलव, असं मी शंभरदा सांगितलं. त्याची बायको ज्योत्स्ना सांगून सांगून थकली. ऐकेल तर शपथ! उलट साक्षीदार म्हणून त्यानं बोलावलं कुणाला, तर मला. ज्याच्या तोंडाचा शनिवारचा वास सोमवारीही जात नाही, त्याला.

रविवारी सकाळी नागुबाईंना बिलोलीहून आणलं. सोफ्याच्या कडेला त्या पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. सुगतनं समोर तीन ग्लास मांडले. पहिल्यातला घोट घेतला, खेळवला, थुंकला.

"पाहिलं का माय? एक थेंब पोटात गेला न्हाई."

"हाव," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःच दुसरा ग्लास उचलला आणि नाकापासून हातभर लांब धरला. "ह्याच्यात धूर हाय. पर लाकडाचा न्हाई, मातीचा." तिसरा उचलला. "ह्यात मनुके हाईत. भिजून आंबलेले."

सुगतनं वही उघडली. मनुके, माती, सगळं त्यानं आधीच लिहिलेलं. गडी माझा हात धरून लहान पोरासारखा नाचायला लागला. "बजरंगा, माझं नाक मायचं हाय! माय, तू हे कुठं शिकलीस?"

"दारात," नागुबाई म्हणाल्या. "तुझा बाप यायचा तवा उंबऱ्यावर उभी राहून वास घ्यायचे. शिंदीचा आला तर गाणी म्हणून झोपायचा. देशीचा आला तर तुमाला मागच्या दारानं शेजारच्या पंचशीलाच्या घरी धाडायचे. वास वळखायला चुकले त्या दिशी तुमी मार खाल्ला."

ज्योत्स्ना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आत्ता फेकतो सगळं," सुगत म्हणाला.

"फेकून काय व्हतंय? तू पीत न्हाईस, पटलं मला. तुझ्या नाकाला मजा मिळती, बरं वाटलं बघून. पर इथं राहिले तर तू रोज घरी येताना मी दारात उभी राहीन. आता न्हाई व्हत बाबा. बस कवा हाय?"

साडेबाराच्या बसला आम्ही त्यांना बसवून दिलं. परतताना मी सुगतला चांगलं झापणार होतो, वर्षभर सांगत होतो तुला म्हणून. तोंड उघडलं तोच तो म्हणाला,

"मला वाटायचं, माय आम्हाला पंचशीलामावशीकडं खेळायला धाडती."