सोनेरी कार्डाची वाट

ओझरच्या विमानतळावर आम्हाला रांगेत उभं राहावं लागलं नाही. माझ्या मुलाने, महेशने, फोन पुढे केला. त्यावर सोनेरी पट्टी दिसली आणि काउंटरवरच्या मुलीने आम्हाला बाजूच्या मोकळ्या वाटेने घेतलं. बॅगांना वेगळी चिठ्ठी लागली, म्हणजे उतरल्यावर त्या आधी येणार. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सहा महिन्यांपूर्वी हे घडलं असतं तर मी पदर सारखा करून ऐटीत चालले असते. त्या दिवशी वाटत होतं, कुणी बघूच नये.

कुठे निघालो होतो ते आधी सांगते. माझी थोरली बहीण, अक्का, गुवाहाटीला असते. मेहुणे रेल्वेत होते, बदली होऊन तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. आमचं माहेर कळवणजवळचं खेडं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची, अक्का चौदाची. मला वाढवलं ते अक्कानेच. आईचा एकही फोटो नाही आणि मला तिचा चेहरा आठवत नाही. गेल्या वर्षी आमच्या म्हाताऱ्या मावशीने मला बघून म्हटलं होतं की तू तर थेट तुझ्या आईवर गेलीस. आई चाळिशीत गेली, पण कष्टाने आणि दुखण्याने साठीची दिसायची म्हणे. पुढे महिन्याभरात मावशीही गेली. आईला पाहिलेलं माणूस आता एकटी अक्काच उरली.

आणि अक्काला काचबिंदू. डावा डोळा केव्हाच गेलेला, उजव्याची नजरही कडेकडेने आवळत चाललेली. गणपतीत तिचा फोन आला, "मावशी बोलली ते खरं का खोटं, मला पाहू दे. फोनमदी तुझा नुसता तुकडा दिसतो गं. नाक दिसलं तर हनुवटी नाय. दिवाळीच्या आत ये."

महेश कंपनीच्या कामाने सारखा विमानाने फिरतो, त्याचे पॉइंट साठलेले. पॉइंटांवर तिकीट फुकट मिळतं, पण तशा जागा प्रत्येक विमानात थोड्याच. दिवाळीच्या आधीच्या एकाही दिवशी त्या दिसेनात. तेव्हा विमान कंपनीचं त्याचं कार्ड रुपेरी होतं, सोनेरीच्या एक पायरी खाली. तो म्हणाला, डिसेंबरात सोनेरी होईल, वरच्या कार्डाला जास्त जागा दाखवतात असं ऑफिसात म्हणतात. मग लगेच म्हणाला, "पण आई, आपण रेल्वेने जाऊ. नाशिक रोडवरून गाडी आहे, दोन दिवसांचा तर प्रवास."

नाशिक रोड स्टेशन माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मी नको म्हटलं, डिसेंबरपर्यंत थांबू. हे मी म्हटलं, त्याने नाही.

कारण माझ्या डोक्यात आमच्याकडची पंगत बसलेली. आमच्या गावाला लग्नात मानकऱ्यांची पंगत मागाहून बसली तरी त्यांच्यासाठी गोडाचं पातेलं झाकून बाजूला ठेवलेलं असतं. गावाला कमी पडलं तरी मानकऱ्याला पडत नाही. मला वाटलं विमानाचंही तसंच. सोनेरी कार्ड म्हणजे मान आला, आणि मान आला की आपल्या नावाच्या दोन जागा कुठेतरी झाकून ठेवलेल्या निघणारच. माझी शाळा चौथीपर्यंतची, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून शिकलेली. अक्काच्या कडेवर वाढलेली मी आता मानाने विमानातून उतरणार, हे कॉलनीत चार जणींना सांगूनही झालं होतं.

डिसेंबरात कार्ड सोनेरी झालं. महेशने त्याच रात्री पाहिलं, जागा नाहीत. फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली. म्हणाली, काही कंपन्या वरच्या कार्डवाल्यांना थोड्या जास्त जागा उघडतात, पण आमच्याकडे फुकटच्या जागा सगळ्यांना सारख्याच. सोनेरीला रांग लहान, वजन जास्त आणि बसायला लाउंज. तरी मी म्हटलं, बघत राहा रे, संक्रांतीनंतर निघतील. निघाल्या नाहीत. माघात अक्काच्या सुनेचा, जूनूचा, फोन आला. उजवा डोळाही गेला होता. महेशने त्याच दिवशी पैसे भरून तिकिटं काढली.

तर असे आम्ही ओझरहून दिल्लीला निघालो. शेजारी पिंपळगावकडचे एक द्राक्षवाले बसले होते, पांढरा शर्ट, हातात डबा. विमान वर गेल्यावर त्यांनी तिळाची चटणी लावलेली भाकरी माझ्यापुढे धरली. बोलता बोलता कळलं, ते फुकटच्या तिकिटावर चाललेत. मी विचारलं, तुमचं कार्ड कोणतं? ते हसले.

"साधं हाय ताई, खालून पहिलं. तारखा उघडतात ना, वर्षभर आधी, तवाच बसतो फोन घेऊन. नायतर मग बुधवार म्हणा, मंगळवार म्हणा, जो दिवस निघंल त्याला जातो. मला कुठं मान पायजे? मला दिल्लीला जायचंय."

मी भाकरी खाल्ली, चटणी फार तिखट होती, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यांना चटणीचंच वाटलं. पाण्याची बाटली उघडून दिली बिचाऱ्यांनी.

दिल्लीला लाउंज पाहिलं. मऊ खुर्च्या, इडली, पराठे, हवं ते घ्या. मी ताटात गुलाबजाम घेतले आणि ट्रे तिरपा होऊन पाक साडीवर सांडला. एक बाई धावत आली, पुसून दिलं, सॉरीसुद्धा तीच म्हणाली. तेवढा सोनेरी कार्डाचा मान मी उपभोगला.

गुवाहाटीला उतरताना खाली नदी दिसली. ब्रह्मपुत्रेला नदी म्हणताना जीभ अडखळते, आपली गोदावरी तिच्या एका फाट्यात मावेल. काठाशी मोठमोठी वाळूची बेटं, त्यावर हिरव्या पट्ट्या. अक्काच्या घरी दारात जूनूने गळ्यात गामोसा (लाल किनारीचं पांढरं वस्त्र, पाहुण्याला देतात) घातला, आणि तामूल (ओली सुपारी) पुढे केली. मी अजाणपणी अख्खी तोंडात टाकली. कानशिलं तापली, घाम फुटला, चक्कर येऊन मी पायरीवरच बसले. जूनू घाबरली.

आतून अक्काचा आवाज आला, "आली का? तामूल खाल्लं वाटतं. मी बी पहिल्या दिवशी अशीच पडले होते."

ती पलंगावर बसलेली होती, तोंड दाराच्या जरा बाजूला. मी जवळ गेले, पाया पडले. मला वाटलं ती माझ्या तोंडावरून हात फिरवील. तिने नाही फिरवला. म्हणाली, "बोल काही."

मी म्हटलं, "अक्का, उशीर झाला गं."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आवाज तर बापाचा हाय तुझा." जूनू हसली, महेश हसला, मीही हसले. अक्काने खूप वेळाने विचारलं, "का नाय आली गं दिवाळीला? गाडी व्हती ना?"

कार्डाचं मी तिला सांगितलं नाही. काय सांगायचं होतं? म्हटलं, गुडघे दुखत होते.

सहा दिवस राहिलो. जूनूने टेंगा (टोमॅटो घालून केलेलं आंबट माशाचं कालवण) केलं, तिच्या अंगणात सुपारीची झाडं, मागे लिंबं. एका दुपारी अक्काने मला आरशासमोर बसवलं आणि सांगायला लावलं. कपाळ कसं? म्हटलं, रुंद. भुवया? जुळलेल्या नाहीत. हनुवटीवर खळगा हाय का? म्हटलं, आहे, बारीक. ती विचारत गेली, मी सांगत गेले. शेवटी म्हणाली, "असं सांगून नाय कळत बाई. चेहरा काय असा तुकड्या-तुकड्याचा असतो?" आणि आडवी झाली.

परतीच्या विमानात एका मुलीने येऊन सोनेरी सदस्य म्हणून महेशचे आभार मानले. त्याने मान हलवली. ओझरला उतरताना द्राक्षांच्या बागा रांगेने दिसत होत्या, उन्हात पत्रे चमकत होते. रिक्षात तो एवढंच म्हणाला, "मी जोर करायला हवा होता." मी म्हटलं, "तू विचारलं होतंस. नको मी म्हटलं होतं."

कॉलनीतल्या बायका विचारतात, वरच्या कार्डाने फुकट जागा लवकर मिळतात का? मी सांगते, आम्हाला नाही मिळाल्या; कुणाला मिळत असतील, पण कुणी वाट पाहत असेल तर स्टेशनवर जा. त्यांना वाटतं मी रेल्वेचं कौतुक करतेय.

सकाळी वेणी घालायला आरशासमोर बसते. हल्ली वेळ लागतो. डावीकडून बघते, उजवीकडून बघते. मावशी म्हणाली ते खरं असेल, तर ही आई आहे, आणि मी तिला रोज बघते. पण खरं का, हे ठरवणारी एकच होती, आणि दिवाळीला तिला दिसत होतं.