जोसेफ बिदरला असताना

इंजिनाचं काम करणाऱ्याच्या नखात जसं ग्रीस साठतं, तसे आमच्याकडे किस्से साठतात. कितीही साबण लावा, थोडं राहतंच. मी बिदरजवळच्या एका ट्रेनिंग सेंटरात विमानाच्या इंजिनांचा इन्स्ट्रक्टर. आपल्या पोरांबरोबर मित्रदेशांच्या फौजांतलीही पोरं आमच्याकडे शिकायला येतात, कोर्स संपला की जातात. बहुतेकांची नावं विसरलो. आफ्रिकेतून आलेला जोसेफ तेवढा राहिलाय. त्याच्या देशातून त्या साली तो एकटाच आला होता.

*

पहिलं लेक्चर मी इंग्रजीत दिलं. त्याआधी आठवडाभर क्वार्टरमध्ये मोठ्यानं प्रॅक्टिस केली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे ऐकून हसायला घरात कुणी नव्हतं.

लेक्चर संपलं तसं विचारलं, "एनी डाऊट?"

जोसेफ उभा राहिला. फार नम्र पोरगा. म्हणाला, "सर, इंग्रजीत कधी सुरू करणार?"

आपली पोरं खो खो हसली. जोसेफ मात्र घाबरून गेला. त्यानं खरंच विचारलं होतं.

*

रविवारी जोसेफ बिदरच्या बाजारात जायचा आणि दिसेल त्या दुकानात चहा प्यायचा. दुकानदार हाक मारायचे, "कौन मुलुक के, मियाँ? आओ, बैठो." हा बसायचा. संध्याकाळी पोट धरून परत यायचा.

मी एकदा झापलं. "कामून इतका चहा ढोसतोस?"

"सर," तो म्हणाला, "चहा संपेपर्यंत ते माझ्याशी बोलतात."

*

मेसवाल्यांनी पाहुणा म्हणून त्याची फार काळजी घेतली. सूप, ब्रेड, उकडलेल्या भाज्या. तो सगळं खायचा, थँक्यू म्हणायचा आणि वाळत चालला होता.

एकदा मी त्याला गावी, दुबलगुंडीला नेला. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, जवारीच्या कण्या शिजवल्या होत्या. परक्या माणसाला हे कसं द्यायचं म्हणून ती लाजायलीच होती. तेवढ्यात जोसेफनं ताट ओढलं, कण्यांचा गोळा केला, अंगठ्यानं त्याला खळगा पाडला, त्यात आमटी भरून तोंडात टाकला. दोनदा वाढून घेतलं. त्यांच्याकडे मक्याचं असंच करतात म्हणे.

अक्का त्याच्याकडं बघत बसली. मग मला विचारलं, "आई हाय का ह्याला?"

"हाय की."

"मग इतक्या लांब कामून धाडलं तिनं?"

मी म्हणालो, "ट्रेनिंगला."

अक्का म्हणाली, "ते कळालं. कामून धाडलं?"

*

कोर्स निम्मा झाला असेल, तेव्हा त्याचे वडील गेले. घरी पोचेपर्यंत माती होऊन गेली असती, आणि मधेच गेला तर कोर्सही हातचा जात होता. रात्रभर विचार करून तो थांबला. सकाळी इस्त्रीचा युनिफॉर्म घालून वर्कशॉपला हजर.

मी म्हणालो, "आज राहू दे. रूमवर जा, आराम कर."

"रूमवर कोण आहे, सर?"

बायको गेली तेव्हा मीही असाच लगेच कामावर आलो होतो. वर्कशॉपमध्ये एक बाद झालेला पंप पडला होता. आम्ही दोघांनी तो सगळा खोलला, पुसला, पुन्हा जोडला. चालणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

*

कोर्स तो पास झाला. जायच्या आदल्या रविवारी मी गाणगापूरला निघालो होतो, तोही बरोबर आला.

देवळात दुपारची आरती सुरू झाली, नगारा वाजला, तशी एक बाई खांबाला धरून ओरडायला लागली. जोसेफनं हळूच विचारलं, "तिला काय झालंय?"

"आत काहीतरी अडकलंय. लोक इथं येऊन ते बाहेर काढतात."

तो खांबाकडं बघत म्हणाला, "परदेशी माणसाला चालतं?"

मला काय ठाऊक. म्हटलं, "चालत असेल."

तो पलीकडच्या खांबाजवळ गेला. ओरडला नाही. कपाळ टेकून आपल्या भाषेत बोलत राहिला. त्यातला 'बाबा' एवढाच शब्द मला कळला. त्यांच्याकडेही बापाला बाबाच म्हणतात.

तो थांबला तेव्हा शेजारच्या एका म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. उदगीरकडची असावी.

"बोल लेकरा, राहिलं असंल तर अजून बोल. देव कुठं चाललाय?"

तिचं एक अक्षर त्याला कळलं नसणार, पण तो परत बोलू लागला.

मग म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं. "आन् तुमचं काय हाय, अण्णा?"

"माझं काय न्हाई," मी म्हणालो. "मी ह्याच्यासंगं आलोय."

म्हातारी जरा सरकली, आणि खांबाजवळ एका माणसापुरती जागा केली.